फायबर तुटली तरी ऑर्डरचा फोन वाजला पाहिजे: औषधांच्या गोडाऊनमधल्या प्रकल्प नोंदी

१२ मे

परवा शनिवारी सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी फायबर तुटली आणि जोडून मिळाली पावणेचारला. आमचं औषधांचं होलसेल आहे कोल्हापुरात, शाहूपुरीत. गारगोटी, आजरा, चंदगड, गगनबावडा अशा सगळ्या भागातले केमिस्ट फोनवरच ऑर्डर देतात, आणि दुपारी दोनपर्यंत आलेली ऑर्डर त्याच दिवशी गाडीत चढते. शनिवारी अकरानंतर एकही फोन आला नाही, आणि पहिला तासभर कुणाला वाटलंच नाही की काही बिघडलंय, सगळे म्हणाले आज शांत आहे जरा. इंटरनेट बंद असल्याचं बिलिंगवाल्या ताईंनी सांगितलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं की फोनसुद्धा त्याच तारेवर आहेत. संध्याकाळी चंदगडच्या एका केमिस्टने दादांच्या मोबाईलवर फोन केला, लाईन बंद असताना त्याला इन्सुलिन हवं होतं, पेशंट दुकानात थांबलेला, आणि आमचा नंबर लागतच नव्हता. धंदा गेला त्यापेक्षा हे जास्त लागलं मला.

दादा म्हणाले, जुना लँडलाईन बरा होता, लाईट गेली तरी वाजायचा. बरोबरच आहे त्यांचं, तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजकडूनच ४८ व्होल्ट यायचे, त्यामुळे आपल्याकडे लाईट असो नसो फोन जिवंत. आता फोन चालायला फायबरचा डबा, राऊटर, स्विच, सर्व्हर आणि हँडसेट असे पाच जण एकाच वेळी जागे लागतात.

इथले कॉम्प्युटर मीच बघतो, त्यामुळे हे काम माझ्याकडे. कुणाला असंच करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून लिहून ठेवतोय.

आत्ता काय आहे ते: एका मिनी पीसीवर फ्रीपीबीएक्स (ऑफिसचं फोन एक्स्चेंज चालवणारं सॉफ्टवेअर, पुढे नुसतं पीबीएक्स), नेटवर्कच्या वायरीवर चालणारे ९ आयपी फोन, त्यांना वायरीतूनच वीज देणारा एक पीओई स्विच, इंटरनेटवरून येणारा १० चॅनेलचा एसआयपी ट्रंक (एका वेळी दहा कॉल नेणारी बाहेरची फोन जोडणी), स्टॅटिक आयपीची, म्हणजे इंटरनेटवर कायम एकच पत्ता असलेली, एक फायबर लाईन. दुसरी लाईन नाही. यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी कधी बदलली ते कुणालाच आठवत नाही.

१६ मे

पहिली चूक. ३,२०० रुपयांचा दोन लाईनवाला राऊटर आणला, खोक्यावर लिहिलं होतं एक बंद पडली की दुसरीवर जातो. लोकल केबलवाल्याकडून दुसरी फायबर घेतली, बसवायचे १,५०० आणि महिन्याला ७०० रुपये. सगळं जोडलं, पहिल्या लाईनची लॅनची वायर राऊटरमधून उपसली, दहा सेकंदात दुसरीवर गेला, दादांना बोलावून दाखवलं आणि घरी गेलो.

१९ मे

फायबर पुन्हा गेली, ४० मिनिटं. राऊटर हलला नाही.

कारण कळायला दुपार गेली. फायबर बाहेर रस्त्यावर तुटते तेव्हा डब्यावरचा लाल दिवा लागतो, पण डब्यापासून राऊटरपर्यंतची वायर धडधाकटच असते. राऊटर फक्त तेवढंच बघत होता की वायरच्या टोकाला कुणी आहे का, आणि टोकाला डबा होताच. मी टेस्ट करताना नेमकी तीच वायर उपसलेली, म्हणजे प्रत्यक्षात जी लाईन कधीच तुटत नाही ती तोडून बघितली होती. हा राऊटर परत घेतला नाही दुकानदाराने, ३,२०० गेले.

२३ मे

मायक्रोटिकचा हेक्स राऊटर आणला, ५,८०० रुपये. ह्यात गेटवे (लाईनवरचा राऊटरपुढचा पहिला टप्पा) पिंग करून, म्हणजे 'आहेस का' असं पॅकेट पाठवून, तपासायची सोय आहे, दर १० सेकंदांनी पिंग, दोनदा उत्तर आलं नाही की लाईन मेली समजतो. पण गेटवे म्हणजे पुन्हा तो डबाच, तो उत्तर देत राहतो. म्हणून रूट (पॅकेटचा रस्ता) असा लावायचा की पहिल्या लाईनवरून इंटरनेटवरच्या ८.८.८.८ ह्या पत्त्याला पोचता येतंय का ते बघ, दुसऱ्या लाईनवरून १.१.१.१ ला. ह्याला रिकर्सिव्ह रूट म्हणतात. जमायला दोन तास लागले, स्कोप आणि टार्गेट स्कोप ह्या दोन आकड्यांनी फार छळलं.

मग नवीनच भानगड. पहिली लाईन बंद केली, राऊटर दुसरीवर गेला, राऊटरवरून पिंग छान चाललाय, पण बिलिंगच्या ताईंच्या मशीनवर एक पान उघडेना. ८.८.८.८ चा रस्ता मी पहिल्या लाईनला कायमचा बांधून ठेवलेला, आणि सगळ्या मशीनवर डीएनएस (साईटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर) म्हणूनसुद्धा तोच भरलेला. त्यामुळे लाईन तुटली की डीएनएसही तिच्याबरोबर गेला. आता मशीनना डीएनएस म्हणून राऊटरचाच पत्ता दिलाय, आणि राऊटर पुढे विचारतो तो तिसऱ्याच ठिकाणी. तपासणीसाठी वापरलेला पत्ता दुसऱ्या कुठल्याच कामाला वापरायचा नाही, हे कागदावर लिहून रॅकच्या दाराला चिकटवलंय.

२६ मे

इंटरनेट २० सेकंदात दुसरीवर जातंय. फोन नाही जात. ट्रंक आमच्या पहिल्या लाईनच्या स्टॅटिक आयपीवर बांधलेला, म्हणजे पासवर्ड वगैरे काही नाही, त्या आयपीवरून आलात तर तुम्ही आमचे. दुसऱ्या लाईनवरून गेलं की ते दारातूनच परत पाठवतात. हे मी दुसरी लाईन घ्यायच्या आधी विचारायला हवं होतं. ट्रंकवाल्यांना सांगितलं की रजिस्ट्रेशनवाला ट्रंक द्या, युजरनेम आणि पासवर्डचा, कुठूनही लॉगिन होईल असा. आधी म्हणाले तसं देत नाही, मग तिसऱ्या माणसाने सांगितलं देतो. सहा कामाचे दिवस लागतील म्हणाले. ज्यांना हे करायचंय त्यांनी सगळ्यात आधी हा एक फोन करा, बाकी खरेदी नंतर.

४ जून

रजिस्ट्रेशनवाला ट्रंक आला. आणि ह्या सगळ्या कामातला सगळ्यात जास्त वेळ खाल्लेला प्रॉब्लेम पण आला, त्याच्यावर दोन रात्री गेल्या म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लाईन बदलली, इंटरनेट चालू, आणि फ्रीपीबीएक्सच्या स्क्रीनवर ट्रंक 'रजिस्टर्ड' दाखवतोय. बघणाऱ्याला वाटेल सगळं ठीक. पण बाहेरून फोन केला की नुसती शांतता आणि मग 'आपण ज्या नंबरशी संपर्क करू इच्छिता'. पीबीएक्स रीस्टार्ट केला तरी तेच. राऊटर रीस्टार्ट केला की लगेच चालू. पहिल्या रात्री मी पीबीएक्सच्याच सेटिंग उलटसुलट करत बसलो, कारण राऊटरवर तर इंटरनेट चाललेलं दिसत होतं.

दुसऱ्या रात्री राऊटरच्या कनेक्शनच्या यादीत ५०६० पोर्टवालं, म्हणजे ट्रंकचं, कनेक्शन शोधलं तेव्हा दिसलं. राऊटर प्रत्येक चालू संभाषणाची नोंद ठेवतो, की हे आतल्या अमुक मशीनचं आहे आणि बाहेर तमुक पत्त्याने जातंय. ट्रंकची नोंद पहिल्या लाईनच्या पत्त्याने झालेली. लाईन मेली तरी पीबीएक्स दर मिनिटाला 'आहात का' म्हणून पॅकेट पाठवतच राहतो, आणि प्रत्येक पॅकेटने त्या जुन्या नोंदीला पुन्हा तीन मिनिटांचं आयुष्य मिळतं. त्यामुळे ती नोंद कधी मरतच नाही. पॅकेट निघतं दुसऱ्या लाईनवरून पण पाठवणाऱ्याचा पत्ता पहिल्या लाईनचा, आणि पुढे कुठेतरी टाकून दिलं जातं. लाईन जिवंत ठेवायला लावलेलं कीपअलाईव्हच मेलेली नोंद जिवंत ठेवत होतं. लॅनची वायर उपसली की राऊटर ह्या नोंदी स्वतःच पुसतो, म्हणून माझ्या वायर उपसायच्या टेस्टमध्ये हे कधीच दिसलं नसतं.

उपाय चार ओळींचा. राऊटरमध्ये नेटवॉच (लाईन तपासत राहून ठरवलेलं काम करणारी सोय) लावला, पहिल्या लाईनची तपासणी फेल झाली किंवा परत आली की ५०६० च्या सगळ्या नोंदी पुसून टाकायच्या. दोन्ही वेळा पुसायच्या, मी आधी फक्त फेल होताना पुसल्या आणि लाईन परत आल्यावर फोन पुन्हा अडकले. त्याबरोबर ट्रंकची रजिस्ट्रेशनची मुदत ३६०० सेकंदांवरून १२० वर आणली. आणि स्क्रीनवर रजिस्टर्ड दिसणं आता मी पुरावा मानत नाही, स्वतःच्या मोबाईलवरून फोन लावून पलीकडून ऑर्डरच्या ताईंचा आवाज आला की मगच ठीक.

६ जून

आवाज एकाच बाजूने. आपण बोललेलं केमिस्टला जातं, त्याचं आपल्याला नाही. पीबीएक्सच्या नॅट सेटिंगमध्ये बाहेरचा पत्ता म्हणून पहिल्या लाईनचा आयपी मीच हाताने भरलेला होता दोन वर्षांपूर्वी, त्यामुळे दुसऱ्या लाईनवरून कॉल लागला तरी पीबीएक्स समोरच्याला सांगायचा की आवाज त्या जुन्या पत्त्यावर पाठवा. ट्रंकवाल्यांना विचारलं, ते म्हणाले आमच्या बाजूला आवाज जिथून येतो तिथेच परत पाठवायची सोय आहे, फक्त चालू करावी लागते. केली, जमलं. दुसऱ्या फायबरच्या डब्यात एसआयपी एएलजी चालू होतं, ते पण बंद केलं, मायक्रोटिकमधलं पण. हे एएलजी मदत म्हणून पॅकेटच्या आतले पत्ते बदलत बसतं आणि आमच्याकडे तरी त्याने फक्त त्रासच दिला.

लाईन बदलते त्या क्षणी चालू असलेला कॉल तुटतो. हे मी तसंच ठेवलंय. मुंबईत एखादा क्लाउड सर्व्हर घेऊन त्याच्यापर्यंत वायरगार्डचा बोगदा (इंटरनेटमधूनच जाणारी खासगी जोडणी) केला तर कॉलसुद्धा टिकतो असं वाचलं, पण मग तो सर्व्हर बंद पडला तर काय, आणि त्याच्याकडे बघणार मी एकटाच. केमिस्ट कॉल तुटला तर लगेच परत लावतो. परत लावल्यावर लागला पाहिजे, एवढंच मला हवंय.

११ जून

आता लाईट. ऑफिसच्या इन्व्हर्टरवर सगळं होतं, पण लाईट गेली की राऊटर रीस्टार्ट व्हायचा आणि सगळं परत उभं राहायला चार मिनिटं जायची. इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, एका बाजूला इन्व्हर्टर आणि दुसऱ्या बाजूला यूपीएस, आमचं इन्व्हर्टरवर होतं. त्या मोडमध्ये बदलायला वेळ जास्त लागतो, पंखा-ट्यूबला कळत नाही पण राऊटरला कळतं. बटण बदललं, खर्च शून्य.

तरी रॅकला वेगळा १ केव्हीएचा यूपीएस घेतला ५,४०० चा, कारण जुना यूपीएस लोड टाकून तपासला तर सात मिनिटांत बसला. स्विच, नऊ फोन, मिनी पीसी आणि मायक्रोटिक त्याच्यावर. यूपीएसला इन्व्हर्टरचं पाठबळ. फायबरच्या डब्यांना मात्र १२ व्होल्टचे छोटे डीसी यूपीएस लावले, १,७०० ला एक. एका डब्याला ९ व्होल्टच्या पिनेत जोडलं होतं मी, दिवे लागायचे पण दर दोन मिनिटांनी रीस्टार्ट व्हायचा, आणि अर्धा दिवस मी लाईनवाल्याला दोष देत होतो. दुसऱ्या फायबरचा डबा तर कपाटामागे साध्या प्लगवर निघाला, त्याला बॅकअपच नव्हता. म्हणजे लाईट गेली की बॅकअप लाईन सगळ्यात आधी मरणार होती.

रॅक तळमजल्यावरून माळ्यावर हलवला. इथे पावसाळ्यात सगळ्यांचं लक्ष पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीच्या आकड्यावर असतं, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ ला शाहूपुरीतल्या सखल गल्ल्यांत पाणी आलेलं आहे. वायरी वाढवायला एक रविवार गेला.

१८ जून

दोन्ही फायबर एकदम गेल्या.

चौकात गटारीचं काम चाललंय, जेसीबीने खांबालाच धक्का दिला. लोकल केबलवाल्याचा लाईनमन आला त्याच्याबरोबर मी चालत गेलो तर तो वर बोट दाखवून म्हणाला, "दोन्ही केबली एकाच खांबावरनं आल्यात की ओ. चौकापासनं तुमच्या दारापतोर एकच रस्ता हाय." दोन कंपन्या, दोन बिलं, आणि खांब एकच. लाईन घेताना फक्त कंपनी वेगळी आहे का एवढंच मी विचारलं, तार कुठून येते हे नाही. दुसरी लाईन घ्यायच्या आधी चौकापर्यंत चालत जाऊन वर बघायचं, पैसे पडत नाहीत.

मागच्या गल्लीतून तार ओढता येईल का विचारलं, मधल्या वाड्याची परवानगी लागेल म्हणाला. ते पुढे बघू. तोवर तिसरा रस्ता म्हणजे हवेतला.

२४ जून

४जी राऊटर, ३,६०० रुपये, सिमचा महिन्याला २९९ चा प्लॅन. फायबरवाल्या कंपनीपेक्षा वेगळ्या कंपनीचं सिम. राऊटर वर खिडकीत ठेवला, रॅकच्या लोखंडी पेटीत सिग्नल मरत होता.

फोनला इंटरनेट फार लागत नाही. जी७११ मध्ये (आवाज पाठवायची एक पद्धत) एका कॉलला एका दिशेला साधारण ८७ केबीपीएस, म्हणजे नऊच्या नऊ फोन चालू असले तरी एक एमबीपीएससुद्धा होत नाही. तरी पहिल्या टेस्टला आवाज तुकड्या-तुकड्यांत. बघतो तर सीसीटीव्ही क्लाउडवर चढतोय आणि रात्रीचा राहिलेला बॅकअपही त्याच वेळी, दोघांनी मिळून अपलोड खाऊन टाकलेला. आता ४जी वर आलं की फक्त पीबीएक्स आणि बिलिंगची दोन मशीन बाहेर जातात, बाकी सगळ्यांना राऊटर अडवतो. गोडाऊनमधल्या पोरांचे मोबाईल वायफायवरून सुटतात, ते विचारायला येतात, त्यांना सांगितलंय की वायफाय बंद दिसलं तर मला लगेच कळवा.

दुसरी अडचण, ४जी वरून बाहेर कॉल जायचे, आत येणारे पाच-दहा मिनिटं शांत गेली की बंद. मोबाईल कंपनी एकाच पत्त्यामागे शेकडो गिऱ्हाइकं बसवते, आणि थोडा वेळ पॅकेट गेलं नाही की आपला रस्ता बुजवते. पीबीएक्सची क्वालिफाय फ्रिक्वेन्सी, म्हणजे दर किती वेळाने 'आहात का' विचारायचं ते, ६० वरून २५ सेकंदांवर आणली. त्यानंतर अर्धा तास कुणी फोनला हात लावला नाही तरी आत येणारा कॉल लागला, तीनदा तपासलं.

१ जुलै

टेस्ट करायच्या नादात नुकसान केलं. खरीखुरी फायबर तुटल्यासारखं व्हावं म्हणून मी डब्यातून फायबरचं टोकच काढत होतो दर वेळी. चार-पाच वेळा काढलं, एकदा शर्टाला पुसलं. आज सकाळपासून लाईन सारखी येते-जाते. लाईनमनने मीटर लावला तर उणे २७ डीबीएम (फायबरमधल्या प्रकाशाची ताकद, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमी), आधी उणे १९ च्या आसपास होतं. त्याने अल्कोहोलच्या पुसणीने टोक साफ केलं, उणे २० वर आलं, आणि मला स्पष्ट सांगितलं की ह्याला हात लावायचा नाही.

आता टेस्टसाठी राऊटरमध्ये एक नियम करून ठेवलाय, चालू केला की पहिल्या लाईनवरून येणारं-जाणारं सगळं टाकून द्यायचं, डब्याशी बोलणं सोडून. बाहेर तार तुटल्यावर जे होतं अगदी तेच होतं, आणि टोकाला धूळ लागत नाही.

७ जुलै

टेस्ट करताना दुसरी फायबर बंद निघाली. लॉग बघितला तर नऊ दिवसांपासून बंद. पहिली चालू होती म्हणून कुणाला कळायचं कारणच नव्हतं. नऊ दिवस आम्ही समजत होतो तीन लाईन आहेत आणि होत्या दोन.

नेटवॉचमधून टेलिग्रामवर मेसेज जायची सोय केली, मला आणि दादांना, लाईन गेली की आणि आली की. गेल्याचा मेसेज जाताना उरलेल्या लाईनवरून जातो हे तपासून घेतलं. शिवाय दर सोमवारी सकाळी साडेआठला, ऑर्डर सुरू व्हायच्या आधी, तिन्ही लाईन एकेक करून तपासायच्या. वीस मिनिटं लागतात.

१० जुलै

इमारतच पूर्ण अंधारात गेली किंवा आम्हाला इथे येताच आलं नाही तर? त्यासाठी ट्रंकवाल्यांच्या पोर्टलवर 'पोहोचलं नाही तर' असा फॉरवर्डचा पर्याय आहे. उघडून बघितला तर तो आधीच भरलेला होता, दीड वर्षापूर्वी काम सोडून गेलेल्या सेल्समनच्या मोबाईलवर. म्हणजे १० मे ला केमिस्टचे फोन कदाचित त्याच्या बंद नंबरवर जात होते.

आता आधी ऑर्डरच्या ताईंचा मोबाईल, नाही उचलला तर दादांचा. दोघांची सिम वेगळ्या कंपन्यांची. ताईंचं घर फुलेवाडीला, आमच्या टॉवरपासून लांब. त्यांच्याकडे छापील रेटलिस्ट आणि ऑर्डरची वही ठेवली, कारण तेव्हा बिलिंग सॉफ्टवेअर उघडणार नाही. सगळा रॅक बंद करून फोन लावला, पंचवीसेक सेकंद नुसतं शांत आणि मग ताईंचा मोबाईल वाजला. पंचवीस सेकंद लोक थांबत नाहीत. ट्रंकवाल्यांनी त्यांच्या बाजूची वाट बघायची वेळ सहा सेकंदांवर आणून दिली.

२२ जुलै

काल रात्रीपासून पाऊस, वारं. सकाळी ९:५० ला लाईट गेली. ११:२० ला पहिली फायबर, ११:३५ ला दुसरी, तोच खांब. टेलिग्रामवर दोन्ही मेसेज आले. फोन ४जी वर गेले, ताईंना कळलंसुद्धा नाही, एक कॉल तुटला आणि राधानगरीच्या केमिस्टने लगेच परत लावला.

दुपारी दीडच्या सुमाराला ४जी मंदावत गेलं आणि पावणेदोनला बसलं. टॉवरची बॅटरी संपली असणार, आजूबाजूच्या सगळ्यांचेच त्या कंपनीचे मोबाईल गेले. त्यानंतर फॉरवर्डवर. ताई आज दुकानातच होत्या, आणि त्यांचं सिम टॉवर गेलेल्या कंपनीचंच निघालं, म्हणून कॉल दादांकडे गेले. दादांनी स्वतः वहीत ऑर्डरी लिहिल्या, १४ आल्या दोनपर्यंत. गगनबावडा रस्त्यावर पाणी असल्याने ती गाडी गेलीच नाही, पण त्या केमिस्टना फोनवर सांगता आलं की आज येत नाही, जवळून सोय करा. १० मे ला हे सांगायला पण फोन नव्हता.

सुटलेले कॉल मोजले, पोर्टलवर दिसतात. चार. चौघांनाही संध्याकाळी परत फोन केला.

२४ जुलै

खर्च एकरकमी: मायक्रोटिक ५,८००, दुसरी फायबर बसवायचे १,५००, डीसी यूपीएस तीन ५,१०० (तिसरा ४जी राऊटरला), १ केव्हीए यूपीएस ५,४००, ४जी राऊटर ३,६००. एकूण २१,४००, आणि वाया गेलेला पहिला राऊटर धरला तर २४,६००. महिन्याला ९९९. वेळ सव्वादोन महिने, बहुतेक रात्री आणि रविवार.

बाकी राहिलेलं: पाऊस-वारा असेल त्या दिवशी ताईंनी घरूनच बसायचं की त्यांना दुसऱ्या कंपनीचं सिम द्यायचं, हे उद्या ठरवतो दादांशी बोलून. मागच्या वाड्याच्या मालकांनी तार ओढायला होकार दिलाय, पण पाऊस उघडल्यावर. लाईनमन म्हणाला साठ मीटर केबल लागेल.